एका खुर्चीचे दोन पत्ते

शिरपूर,
२ जानेवारी २०२५

ती. जहांगीरमामू यांस,
सबीहाचा सलाम.

परवा जरीनाला फोन केला होता. म्हणाली, अब्बांचा गळा आता दुखत नाही, पण ऑपरेशननंतर आवाज काही परत आला नाही. पाटीवर लिहून बोलतात. मोबाईलवर टाइप करायचा तुम्हाला कंटाळा, म्हणून मीही कागद घेतला.

काम सांगते. बारा तारखेला, रविवारी, आमच्या संस्थेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नर्स भरतीची ऑनलाइन परीक्षा आहे. चाळीस खुर्च्या, चाळीस उमेदवार. इंटरनेटच्या दोन लाईन तुम्हाला माहीतच आहेत, एक जमिनीखालून आलेली वायरची, दुसरी गच्चीवरच्या टॉवरची. सहा वर्षांपूर्वी जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून तुम्ही जो राउटर बनवून दिलात, तोच अजून चालतो. त्यात तुम्ही लावून दिल्याप्रमाणे चाळीसही मशिनी वायरच्या लाईनवरून जातात आणि वायर तुटली तरच टॉवरची लाईन कामाला येते.

संस्थेचे सचिव नवलअण्णा रोज लॅबच्या दारात येऊन उभे राहतात. "सबीहा, इकडे एक पान उघडायला मिनिट लागतं आणि तिकडे दुसरी लाईन झोपा काढते. दोन बैल आहेत तर दोघांना जुंप ना!" परीक्षेआधी झालंच पाहिजे म्हणतात. मी थोडं वाचून पाहिलं. एक ओळ बदलली की दोन्ही लाईनवर निम्मं निम्मं वाटप होतं असं दिसतंय. करू का?

थकायला होतं, मामू. हजेरी, प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्ती, लॅब, सगळं माझ्याच टेबलावर. शाहबाज रावेरहून केळीचा ट्रक घेऊन दिल्लीकडे गेले की आठ-आठ दिवस घरात मी आणि सासूबाईच. तेवढं उत्तर लवकर पाठवा.

तुमची,
सबीहा

—

मेहरूण, जळगाव,
४ जानेवारी २०२५

चि. सबीहास,
अनेक दुआ.

करू नकोस.

एवढ्यावर थांबलो असतो, पण तू कारण विचारशीलच. लाईन दोन, म्हणजे बाहेरच्या जगाला दिसणारे आपले पत्तेही दोन. तुझी ती एक ओळ खुर्ची बघत नाही. खुर्चीवरून निघालेली प्रत्येक नवी मागणी ती कधी इकडे ढकलते, कधी तिकडे. परीक्षेचं एक पान उघडायला दहा-बारा मागण्या जातात. प्रश्न वेगळा येतो, चित्र वेगळं येतं, कोपऱ्यातलं घड्याळ वेगळं. त्यातल्या काही वायरच्या पत्त्यावरून गेल्या आणि काही टॉवरच्या, की पलीकडच्या यंत्राला वाटणार, एकाच नावाने दोन ठिकाणी दोन माणसं बसली आहेत. ते उमेदवाराला सरळ बाहेर काढणार. बातम्या वाचताना हे कुणाच्या लक्षातही येत नाही. बँकेत आणि परीक्षेत येतं.

दोन्ही लाईन वापरायच्याच असतील तर खुर्च्या वाटायच्या. एक ते वीस वायरवर, एकवीस ते चाळीस टॉवरवर. आणि जी खुर्ची ज्या लाईनने गेली ती शेवटपर्यंत त्याच लाईनने. त्यासाठी राउटरला रस्त्यांचे दोन वेगळे तक्ते लिहून द्यावे लागतात. परीक्षा होऊ दे, मग बैजवार सांगतो. तोवर कशालाही हात लावू नकोस. नवलअण्णांना म्हणावं, जहांगीरने मनाई केली आहे.

मी बरा आहे. सकाळी तलावाला अर्धी फेरी मारतो. ओळखीचे लोक हात दाखवतात, मीही दाखवतो. बोलावं लागत नाही याचं कधी कधी बरं वाटतं. टेलिफोन खात्यात तीस वर्षं बोलण्यातच गेली.

तुझा,
जहांगीरमामू

—

शिरपूर,
१६ जानेवारी २०२५

ती. मामू यांस सलाम.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही सांगितलं तसंच केलं, कशाला हात लावला नाही. तरीही परीक्षेचा विचका झाला.

सकाळी अकरा वाजता परीक्षा सुरू झाली. सात मिनिटांनी चौदा नंबरच्या बाईंनी हात वर केला. मग नऊ, मग एकवीस, मग पाठोपाठ किती तरी. पडद्यावर एकच वाक्य, 'तुम्हाला बाहेर काढण्यात आले आहे'. पुन्हा आत जायचं, पासवर्ड टाकायचा, दोन प्रश्न सोडवायचे की पुन्हा बाहेर. मी या खुर्चीवरून त्या खुर्चीवर पळत होते. दीड तासाची परीक्षा, त्यातला निम्मा वेळ लोकांनी दारातच घालवला म्हणा ना.

ते तेवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. काल परीक्षा मंडळाचं पत्र आलं. सतरा उमेदवारांचा निकाल राखून ठेवला आहे. कारण लिहिलंय, 'एकाच वेळी दोन ठिकाणांहून लॉगिन'. म्हणजे बाहेर कुणीतरी बसून त्यांचा पेपर सोडवत होतं असा संशय. सतरा जणांना नोटिसा जाणार आहेत.

तुम्ही लावून दिलेल्या व्यवस्थेत असं आपोआप होऊ शकतं का? मला तर डोकंच चालेनासं झालंय.

सबीहा

—

मेहरूण, जळगाव,
२० जानेवारी २०२५

चि. सबीहास दुआ.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. होऊ शकतं. आणि चूक माझी आहे.

वायर जिवंत आहे का हे बघायला मी राउटरवर एक छोटा प्रोग्राम ठेवला होता. दर दहा सेकंदांनी तो तपासतो. वायर गेली की सगळ्यांना टॉवरवर नेतो, आली की लगेच परत आणतो. त्या 'लगेच'मध्येच घोळ आहे. वायर त्या दिवशी अधूनमधून दम टाकत असणार, आणि माझा प्रोग्राम चाळीस माणसांना या दारातून त्या दारात नाचवत राहिला असणार. परत आणण्याआधी पाच मिनिटं थांबायला शिकवायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही.

नवलअण्णांना वेगळं पत्र लिहून हे सगळं कळवलं आहे. दोष माझ्या जुन्या व्यवस्थेचा, लॅबमधल्या कुणाचा नाही, आणि उमेदवारांचा तर मुळीच नाही, असं स्पष्ट लिहून खाली सही केली आहे.

पण नुसत्या पत्राने भागणार नाही. कोणती खुर्ची कोणत्या सेकंदाला कोणत्या लाईनने बाहेर गेली याची नोंद राउटर स्वतः ठेवतो. ती नोंद काढून पाठव. सतराही माणसं आपापल्या खुर्चीवरच होती हे त्यातून दिसेल.

जरीना म्हणते, अब्बा, आता कशाला त्रास करून घेता. मी पाटीवर लिहिलं, सतरा.

जहांगीरमामू

—

शिरपूर,
२९ जानेवारी २०२५

ती. मामू,

तुम्ही असं पत्र पाठवायला नको होतं. नवलअण्णांनी ते ऑफिसात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. फार खूश होते. लगेच मंडळाकडे पाठवून दिलं. मंडळाचं उत्तर आलं, खाजगी व्यक्तीचा खुलासा ग्राह्य धरता येत नाही, यंत्रातली नोंद द्या.

नोंदी काढायला अजून वेळ झालेला नाही. प्रवेशाचे अर्ज तपासायचे आहेत, सासूबाईंना ताप आहे. काढते.

तब्येतीला जपा.

सबीहा

—

मेहरूण, जळगाव,
१ फेब्रुवारी २०२५

चि. सबीहा,

तुझं पत्र वाचून समजलो. तू नोंदी काढत नाहीस त्याचं कारण ताप नाही. नोंदी निघाल्या तर तुझ्या मामूचं नाव सरकारदरबारी लागेल, याची तुला भीती वाटते. बेटा, मला वाचवायला त्या दडवू नकोस. माझं आता काय जायचं राहिलंय?

दिवस फार थोडे आहेत. राउटर दर रविवारी पहाटे नवी वही उघडतो आणि जुन्या चार जपतो. पाचवी झाली की सगळ्यात जुनी पुसून टाकतो. परीक्षेच्या आठवड्याची वही सोळा फेब्रुवारीला जाईल. त्याच्या आधीच्या आठवड्याची त्याही आधी, नऊ तारखेलाच. दोन्ही काढ. आधीच्या आठवड्यात वायर ठीक होती आणि परीक्षेच्या दिवशी नव्हती, असं शेजारी शेजारी ठेवून दाखवता येईल.

एवढं कर. माझ्यासाठी नको, त्या सतरांसाठी कर.

जहांगीरमामू

—

शिरपूर,
६ फेब्रुवारी २०२५

ती. मामू यांस,

हे पत्र पूर्ण वाचा, मध्येच बाजूला ठेवू नका.

तुमच्या व्यवस्थेत काही चूक नव्हती. राउटर मी बदलला. शुक्रवारी, दहा जानेवारीला, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी. तुमच्या उत्तराची वाट पाहत होते, ते येईना. नवलअण्णांनी त्या दिवशी लॅबमध्ये चार लोकांसमोर मला सुनावलं. मी ती एक ओळ टाकली. पानं भराभर उघडायला लागली. अण्णा म्हणाले, "बघ, झालं की नाही!" मलाही त्या दिवशी फार बरं वाटलं. कित्येक महिन्यांनी एखादं काम पूर्ण झाल्यासारखं वाटलं.

तुमचं पत्र चौदाला हातात पडलं. 'करू नकोस' वाचलं. वर तारीख चारची होती, म्हणून पोस्टाला शिव्या दिल्या. तोवर परीक्षा होऊन गेली होती, आणि सोमवारीच मी तुमची जुनी व्यवस्था परत जागेवर ठेवली होती. मग तुम्हाला खोटं लिहिलं. तुम्ही काही तरी कारण शोधाल आणि मला एक आडोसा मिळेल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. तुम्ही सगळं स्वतःवर घ्याल हे मनातसुद्धा आलं नव्हतं. घेतलंत, तेव्हाही मी गप्प राहिले.

तुमचं एक तारखेचं पत्र वाचून मी काय केलं ते ऐका. बदलापुढे माझं नाव आहे ती वही नऊला पुसली जाणार, परीक्षेची वही सोळापर्यंत राहणार. मधले सात दिवस. मी ठरवलं, दहा तारखेला परीक्षेच्या वहीतली फक्त त्या दिवसाची पानं काढायची. सतरा जण सुटतील, मी सुटेन, आणि तुमच्या अंगावर तर तुम्ही घेतलंच आहे. असा विचार केला मी. तुमच्याबद्दल.

मंगळवारी चौदा नंबरच्या बाई आल्या. मयुरी पावरा त्यांचं नाव. बोराडीच्या पुढे डोंगरातल्या उपकेंद्रात बारा वर्षं कंत्राटी नर्स आहेत. दोन गाड्या बदलून आल्या होत्या. नोटीस पुढे ठेवली. सात फेब्रुवारीपर्यंत पुराव्यासह खुलासा करा, नाहीतर तीन वर्षं परीक्षेला बंदी आणि आताचं कंत्राटही रद्द.

"मॅडम, वयाची अट माझी यंदा संपते," त्या म्हणाल्या. "ते जाऊ द्या. पण पाड्यावर लोक विचारतात, तुझा पेपर कोण सोडवत होतं? माझी आई विचारते. मी त्यांना काय पुरावा देऊ? मी खुर्चीवरून उठले नव्हते, हे कोण सांगणार?"

आमच्या सुगंधाबाई तिथेच झाडत होत्या. परीक्षेच्या दिवशी पाणी द्यायला त्याच होत्या. झाडू खाली ठेवून म्हणाल्या, "मी सांगसू ना! बठ्ठा जण आठेच व्हतात. ही बाई तर जागावरथीन हालनी बी नही. मी मन्हा डोयाघाई दखं."

सगळे तिथेच बसलेले त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, पण मयुरीबाई त्यांच्याकडे बघून हसल्या. म्हणाल्या, "मावशी, तुमचं कोण ऐकणार?"

सात तारीख, मामू. मी दहाची वाट पाहत बसले होते.

त्या गेल्या आणि मी दोन्ही वह्या काढल्या. चौदा नंबरच्या खुर्चीची नोंद बघून घेतली. अकरा वाजून सात मिनिटं बत्तीस सेकंद, वायरवरून बाहेर. त्याच सेकंदाला टॉवरवरूनही बाहेर. दोन्ही मागण्या त्याच एका मशिनीच्या. याहून स्पष्ट काय हवं? दुसऱ्या वहीत दहा तारखेच्या ओळीपुढे माझं नाव.

छापून नवलअण्णांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "ही दहा तारखेची पानं कशाला जोडतेस? बाराचीच दे."

"मग बारालाच असं का झालं, ते कसं कळणार?"

"जहांगीरभाईंनी घेतलंय ना अंगावर! त्यांना आता काय फरक पडतो?"

मामू, माझ्याच मनातलं वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं. कागद उचलले आणि बाहेर पडले. काल सकाळच्या एस.टी.ने धुळ्याला मंडळाच्या कार्यालयात गेले. तिथल्या अधिकारी बाईंनी दोन तास सगळं ओळ न् ओळ समजून घेतलं. मग विचारलं, "बदल तुम्ही केलात?"

"हो."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"दोन्ही लाईन वापरा असं सांगितलं होतं. कशा वापरायच्या ते मी ठरवलं."

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. तुमचा खुलासा फाईलमध्ये होता. तो चुकीच्या समजुतीतून दिलेला आहे, तुमचा काही दोष नाही, असंही मी लिहून दिलं.

नारडाण्यापर्यंत उभीच होते. मग जागा मिळाली, पण बसवेना.

माफी मागायला तोंड नाही.

सबीहा

—

मेहरूण, जळगाव,
११ फेब्रुवारी २०२५

सबीहा,

पत्र मिळाल्यावर दोन दिवस हातात पेन धरलं नाही. रागावलो होतो. ओळ बदललीस याचा राग नव्हता. तीस वर्षांत मी कितीतरी वेळा आख्ख्या गावांचे फोन बंद पाडले आहेत. 'हात लावला नाही' हे तू मला लिहिलंस, त्याचा राग. मी रोज तलावाकाठी बसून सहा वर्षांपूर्वीच्या माझ्या प्रोग्रामची एक एक ओळ आठवत होतो आणि स्वतःला मूर्ख म्हणत होतो. तीन आठवडे तू मला तसं म्हणू दिलंस.

पण मग माझंही सांगावं लागेल. माझ्या त्या पत्रावर चार तारीख होती. ते मी नऊला लिहिलं. अकराला पोस्टात पडलं. पोस्टाला शिव्या देऊ नकोस.

तुझं पत्र मला चार तारखेलाच मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी मला दवाखान्यात ठेवलं. गळ्यात पुन्हा गाठ दिसली आहे. तुला कळवू नकोस असं जरीनाला मीच सांगितलं होतं. चार दिवस तुझं पत्र माझ्या उशाशी होतं. उत्तर दोन शब्दांचं. पाटीवर लिहून जरीनाला दाखवलं असतं तर तिने मिनिटात तुला मेसेज टाकला असता. मी टाकू दिला नाही. म्हटलं, घरी गेल्यावर नीट, कारणांसकट, मीच लिहीन. निवृत्त माणसाला कुणी काही विचारलं की त्याला मोठं उत्तर द्यावंसं वाटतं. आणि ते द्यायला उशीर झाला याची लाज वाटली, म्हणून जुनी तारीख टाकली. तू परीक्षा पार पडली असं लिहिलं असतंस तर मी हे कधीच कबूल केलं नसतं.

तेव्हा तुझ्यावर पुरतं रागावायची सोय राहिली नाही.

धुळ्याला गेलीस ते बरं केलंस. यापेक्षा जास्त शाबासकी आत्ता देववत नाही. पुढच्या आठवड्यात उपचार सुरू होतील, तेव्हा उत्तरं तुटक येतील. संस्थेत काय झालं ते कळव. काहीही झालं असेल तरी.

जहांगीरमामू

—

शिरपूर,
२७ मार्च २०२५

ती. मामू यांस सलाम.

जरीनाचे मेसेज येतात, त्यातून तुमचं कळतं. अर्धी वाटी सूप गेलं तरी ती मला फोटो पाठवते. ईदच्या दुसऱ्या दिवशी शाहबाज आणि मी जळगावला येतोय. उठून बसायची तसदी घेऊ नका.

मंडळाने सतराही जणांवरचा संशय काढून टाकला. लेखी दिलं. चाळीसही उमेदवारांची परीक्षा पुन्हा घेतली, या रविवारी, तेवीसला, धुळ्यात. आमच्या संस्थेचं परीक्षा केंद्र मात्र दोन वर्षांसाठी काढून घेतलं. नवलअण्णांनी मला महिनाअखेरपर्यंतच राहा म्हणून सांगितलंय. ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "तुला कोणी सांगितलं होतं इतकं खरं बोलायला?" मी म्हटलं, "थोडं उशिराच बोलले, अण्णा." लॅबच्या चाव्या दिल्या. नव्या माणसासाठी तुम्ही सुचवलेले ते रस्त्यांचे दोन तक्ते खुर्च्यांच्या नंबरांसकट लिहून ठेवलेत. तो वाचेल की नाही, माहीत नाही.

रविवारी मी धुळ्याला गेले होते. कुणी बोलावलं नव्हतं. आत जायची परवानगी नव्हतीच. रोजा होता, ऊन चढलं होतं, समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. लोक बाहेर पडायला लागले तेव्हा उठून निघणार होते, पण मयुरीबाईंनी मला पाहिलं. रस्ता ओलांडून आल्या.

मी म्हटलं, "मला माफ करा."

त्यांनी ओढणीने तोंड पुसलं. "राग गेलेला नाही माझा," म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? आई तीन आठवडे माझ्याशी धड बोलली नाही. पण तुम्ही तो कागद दिलात म्हणून आज बसता आलं, तेही खरं आहे."

त्यांची बस अर्ध्या तासाने होती. मला राहवलं नाही, विचारलं, "मध्ये बाहेर नाही ना काढलं?"

"एकदाही नाही. शंभरच्या शंभर प्रश्न बघितले. बावीस सोडून दिले."

"वेळ पुरला नाही?"

"वेळ उरला होता," त्या म्हणाल्या. "येत नव्हते म्हणून सोडले. आता नापास झाले तरी माझी मी होईन."

एवढं बोलून त्या बसस्टँडकडे चालायला लागल्या. मीही त्याच रस्त्याने निघाले, थोडं अंतर ठेवून. कोपऱ्यावर त्या थांबल्या आणि मी जवळ येईपर्यंत उभ्या राहिल्या. मग आम्ही बरोबर गेलो.

तुमची,
सबीहा